बाथशीबाला सूर्यास्त नसतो

समुद्र म्हणजे पश्चिम, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही, ते आपोआप डोक्यात बसतं. मुंबई घ्या, अलिबाग घ्या, गणपतीपुळे, वेंगुर्ला, खाली गोव्यापर्यंत कुठेही जा, संध्याकाळी वाळूत बसायचं, भेळ नाहीतर कणीस खायचं, सूर्य पाण्यात जाईपर्यंत त्याचे फोटो काढायचे आणि बुडाला रे बुडाला की कपड्यांवरची वाळू झटकून उठायचं. समुद्र नसला तरी अडत नाही, महाबळेश्वर माथेरानलाही गाड्या भरभरून लोक सनसेट पॉइंटला जातातच. मला वाटतं आपल्याला निसर्ग बघायलासुद्धा कार्यक्रमपत्रिका लागते, अमुक वाजता सुरू, अमुक वाजता समाप्त, नंतर चहा.

कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर बाथशीबा म्हणून एक गाव आहे, तिथे ही सोयच नाही. समुद्र पूर्वेला. सूर्य पहाटे पाण्यातून वर येतो आणि दुपार कलली की मागच्या हॅकल्टन्स क्लिफ नावाच्या उंच कड्याआड जातो, झालं. म्हणजे जानेवारीत पाच वाजायच्या आधीच गावावर सावली येते आणि लांब समुद्रावर मात्र अजून लख्ख ऊन असतं, त्यामुळे नक्की दिवस संपलाय की नाही हेच कळत नाही आणि उठायला काही निमित्तच मिळत नाही. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता म्हणायचे त्या साहेबांनी इथे 1627 पासून 1966 पर्यंत राज्य केलं, त्यांनीही या गावातून सूर्य समुद्रात मावळताना काही बघितला नसणार.

मी मूळची बार्शीची, त्यामुळे समुद्राशी माझी ओळख तशी लग्नानंतरची, दादर चौपाटीची. भाची बार्बाडोसला मेडिकलला आहे (आता कॅरिबियनमधे मेडिकल म्हटलं की दर चार घरात एक ओळखीचं मूल निघतं), तिच्याकडे गेलो होतो. बेट म्हणजे लांबीला 34 किलोमीटर आणि रुंदीला 23, आपला एखादा तालुका सुद्धा याच्यापेक्षा मोठा असतो. पश्चिमेची बाजू कॅरिबियन समुद्राची, शांत, निळीशार, महागड्या हॉटेलांची, जाहिरातीत दाखवतात ती. पूर्वेची बाजू अटलांटिकची. भाचीने निघायच्या आधीच सांगून ठेवलं, "मावशी, बाथशीबाला पाण्यात उतरायचं नाही हं, ओढ भयंकर असते, तिकडे फक्त बघायचं." त्यावर नवरा म्हणाला, फक्त बघायचंच असेल तर यूट्यूब काय वाईट आहे. तरी आला.

ब्रिजटाऊनहून निळी सरकारी बस जाते. भाडं साडेतीन डॉलर, म्हणजे तिथले डॉलर, अमेरिकन एकाला तिथले दोन हा भाव अनेक वर्षं बांधून ठेवलाय. सुटे मोजून द्यायचे, ड्रायव्हर परत देत नाही. मला सगळ्यात आवडले ते बसस्टॉप. गोल पाट्या, एकावर लिहिलेलं असतं टू सिटी, समोरच्या बाजूच्यावर आउट ऑफ सिटी. बस! गावांची नावं नाहीत का काही नाही, एक तर तुम्ही शहराकडे चाललाय नाहीतर शहरापासून लांब. पूर्व पश्चिम डोक्यात गोंधळलेल्या माझ्यासारखीला हे फारच सोयीचं. रस्ता बेटाच्या मधोमध चढत जातो, दोन्ही बाजूंना ऊस, सोलापूर जिल्ह्यातल्या बाईला ऊस बघून काय वाटणार म्हणा, पण तिथल्या उसाखालची गोष्ट वेगळी आहे. तो पिकवायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली, दोनशे वर्षं. त्रिनिदाद, गयानाला नंतर आपले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, गेले तसे इथे फारसे आलेच नाहीत, माणसं होती तेवढी पुरत होती. ऊस संपतो, हॉर्स हिल नावाचा उतार लागतो, बस पुढच्या चाकांवर चालल्यासारखी तिरकी होते आणि एकदम खाली पांढराशुभ्र फेस दिसतो. पाणी नंतर दिसतं, आधी फेसच.

आणि मग ते खडक. फोटोत बघितले होते तरी समोर बघून मी दोन मिनिटं काही बोलले नाही (नवऱ्याने याची नोंद घेतली). उथळ पाण्यात आणि वाळूवर सुटे सुटे उभे, घरांएवढे, बुडाशी बारीक आणि वर रुंद, अगदी पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीसारखे. माथ्यावर गवत आणि खुरटी झुडपं, तीही सगळी एकाच बाजूला पिंजारलेली. हे असं का झालं असेल तर बार्बाडोस शेजारच्या बेटांसारखं ज्वालामुखीतून वर आलेलं नाही. जमिनीचे दोन पट्टे जिथे एकमेकांखाली सरकतात तिथे समुद्राच्या तळचा गाळ खरवडून त्याचा ढीग झाला, त्या ढिगावर प्रवाळ वाढले आणि सगळं मिळून हळूहळू पाण्याबाहेर आलं. बेटाचा साधारण 85 टक्के भाग अजून त्या प्रवाळाच्या चुनखडीखाली झाकलेला आहे, फक्त या बाजूची, स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट म्हणतात तिथली चुनखडी झिजून गेली आणि खालचा जुना गाळ उघडा पडला. तिच्यातलेच मोठाले तुकडे खाली येऊन किनाऱ्यावर बसलेत, लाटा त्यांना बुडाशी कुरतडतायत, वरपर्यंत पोचत नाहीत, म्हणून हा आकार. आपल्या हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी पोखरलेला काळा खडक बघितला असेल तर काम तेच, पण तो आपला बसाल्ट, लाव्हाचा. हा कधीकाळी जिवंत होता.

ओहोटीला एका खडकाच्या अगदी खाली जाता आलं. हात लावला तर खरखरीत, धारदार, आणि नीट बघितलं तर दगडात नागमोडी वळ्यांची नक्षी, जवळजवळ ताटाएवढी. भाची म्हणाली हे ब्रेन कोरल, मेंदूसारखं दिसतं म्हणून. तिला म्हटलं अभ्यास इथेच करत जा. त्याच्याशेजारी छोटी छोटी भोकं, काही भोकांत गोगलगाईसारखे शंख चिकटलेले, आणि डोक्यावर तो अख्खा खडक, ज्याच्या सावलीत उभं राहताना उगीचच मान आत घेतली जाते.

पाण्यात उतरायचं नाही हे तसं पूर्ण खरं नाही. खडकांच्या रांगेच्या अलीकडे डबकी तयार होतात, म्हणजे डबकी शब्द फारच गरीब आहे, चांगले हौद म्हणावेत असे. मोठी लाट खडकावरून आत सांडते तेव्हा पाणी बदलतं. रविवार होता, तिथलीच बरीच कुटुंबं आली होती, आणि बाया बापे गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर टोपी, गप्पा मारत नुसते बसलेले. पोहत कोणी नाही. एक आजीबाई मला म्हणाल्या ये की, पाणी अंगाला चांगलं असतं, सांध्यांना. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर करून काठावर बसले. पायाशी काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे, खडकाच्या भोकात काळे काटेरी सी अर्चिन, त्यामुळे पाय कुठे टेकवायचा ते बघून. आजींचं सारखं लक्ष होतं माझ्या पायाकडे.

बाकी मग काय केलं, तर काही नाही. खरंच काही नाही. बाकड्यावर बसलो आणि बघत बसलो. बाजूला सूप बोल नावाची जागा आहे, तिथे जगभरचे सर्फर येतात, लाटेची वाट बघत फळीवर तरंगत बसलेली पोरं लांबून दिसतात, पंधरा वीस मिनिटं नुसती बसलेली, मग एक जण उठतो, आठ दहा सेकंद, आणि परत बसतो. त्यांच्यामागे काही नाही. इथून सरळ पूर्वेला नजर टाकली तर आफ्रिकेपर्यंत साडेचार हजार किलोमीटर पाणीच पाणी, वाटेत अडवायला काही नाही, म्हणून लाटा अशा जोर धरून येतात. वारा पण तिकडूनच, व्यापारी वारे म्हणून भूगोलात पाठ केले होते ते हेच, आणि एक मार्क सोडला तर त्यांचा कधी काही संबंध आला नव्हता. त्याच वाऱ्यावर ती गुलामांची जहाजंही आली. आता तो वारा चोवीस तास तुमच्या तोंडावर. नारळाची झाडं सगळी कड्याकडे झुकलेली. चष्म्यावर खारं पाणी वाळून पांढरे ठिपके पडतात, ओढणीने पुसलं की आणखीनच पसरतात, ओठांवर मीठ, आणि लांबचा किनारा कायम धुरकट, कारण फेसाचे तुषार हवेतच लटकत असतात. घरांच्या खिडक्यांची लोखंडं बघवत नाहीत इतकी गंजलेली.

या गंजण्यावरूनच तिथल्या रेल्वेचा विषय निघाला. हो, एवढ्याशा बेटावर रेल्वे होती! 1880च्या दशकात ब्रिजटाऊनहून सुरू झाली, ऊस आणि साखर वाहायला, पण सुट्टीच्या दिवशी लोक तिने बाथशीबाला सहलीला यायचे. शेवटचा भाग समुद्राच्या अगदी काठाने, त्यामुळे रूळ गंजायचे, लाटा खालचा भराव ओढून न्यायच्या. आणि कड्यावरच्या चढाला इंजिनाचा दम निघायचा, तेव्हा म्हणे पहिल्या वर्गाने बसून राहायचं, दुसऱ्या वर्गाने उतरून चालायचं आणि तिसऱ्या वर्गाने गाडी ढकलायची. हे तिथले लोक हसत हसत सांगतात, खरंखोटं ते जाणोत. पण माझ्या कामाची गोष्ट पुढेच आहे. 1898 मधे ही रेल्वे उखडून नव्याने अडीच फुटी गेजवर टाकली आणि त्या कामाचे सल्लागार इंजिनियर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शीकरांना हे नाव वेगळं सांगायला नको. आमची बार्शी लाईट, कुर्डुवाडी ते बार्शी, 1897, अडीच फुटी, ती याच माणसाची! आजोबांच्या तोंडी कायम बार्शी लाईट, आषाढीला पंढरपूरची गाडी कशी माणसांनी फुगलेली असायची, डबे छोटे पण आत जागा कशी भरपूर. मी तिकडे बाकड्यावर फोनवर हे वाचून जवळजवळ ओरडलेच. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, अटलांटिकच्या काठी, आणि मधे काय तर कुर्डुवाडी. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, हं. मुंबईच्या माणसाला लोकलपलीकडे रेल्वे माहीत नसते, त्याला काय कळणार. बाथशीबाची रेल्वे 1937 मधे बंद पडली, तिच्या वाटेवरून पुढे 1966 मधे ईस्ट कोस्ट रोड झाला. बार्शीची चांगली ब्रॉडगेज झाली. म्हणजे ही लढत आपण जिंकली असं मी समजते.

भूक लागल्यावर रस्त्याकडेच्या रमशॉपमधे गेलो. नावाला दारूचं दुकान, पण आत डोमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत बसलेले म्हातारे, बाहेर बाया, पोरं, सगळेच. ब्रेड अँड टू मागितलं, म्हणजे पावात खारवलेल्या माशाची दोन भजी. भजी उत्तम, वर तिथला पिवळा मिरचीचा सॉस, तो जपूनच घ्यावा, मी कोल्हापूरला लेक दिलेल्या घरातली आहे तरी सांगते. सोबत गोल्डन ॲपलचा रस, त्याचा सफरचंदाशी काही संबंध नाही, तो आपल्या अंबाड्याचा भाऊबंद, चव घेतली की लगेच कळतं. शेजारच्या टेबलावर कुकू होतं, मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेलं, भेंडीचं नाव ऐकल्यावर माझा उत्साह मावळला. नीरफणस मात्र जिकडे तिकडे, झाडं लगडलेली, आणि कोणी काप करून रवा लावून तळत नाही याचं मला फार वाईट वाटलं. उकडतात आणि लिंबू काकडी घालून लोणच्यासारखं करतात. असो.

एका म्हाताऱ्याने विचारलं कुठून आलात, नवऱ्याने मुंबई म्हणताच डोमिनो थांबला. "गावस्कर!" म्हणाला. मग काय. 1971ची ब्रिजटाऊनची टेस्ट निघाली, नवरा म्हणे गावस्कर नाबाद 117, तो म्हणे सोबर्स नाबाद 178. नवरा म्हणे सरदेसाई 150. तो म्हणे हो, पण सोबर्स 178. त्याच सामन्यात दोघांनी आपापलेच आकडे पाठ केलेले. बेट एका तालुक्याएवढं आणि त्याने जगाला सोबर्स दिला, वॉरेल, वीक्स, वॉलकॉट दिले, मार्शल दिला, त्यामुळे त्याचा आवाज चढणं साहजिक होतं. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत. मग नवऱ्याने 29 जून 2024 काढला, केन्सिंग्टन ओव्हल, शेवटची ओव्हर, मिलरचा तो सूर्याने पकडलेला कॅच, आम्ही सात रनांनी वर्ल्डकप जिंकलो तो. म्हातारा शांतपणे सोंगटी ठेवत म्हणाला, कॅच चांगलाच, पण बाउंड्रीची दोरी मूळ जागेवरून मागे सरकलेली होती.

नवऱ्याचा चेहरा मी सांगू शकत नाही. त्यातून साउथ आफ्रिकेशी याचा काय संबंध, हा कशाला त्यांची बाजू घेतोय! दोरी सरकलेलीच नव्हती इथपासून सरकली असली तरी दोन्ही टीमना सारखीच की इथपर्यंत सगळे मुद्दे झाले, टेबलावर फिश केकच्या तुकड्यांनी बाउंड्री आखून झाली, सूर्याचा पाय म्हणून सोंगटी ठेवली गेली, भाची म्हणतेय काका बस येईल, काका ऐकेनात. शेवटी बस दिसली तेव्हा पळत सुटलो, सुटे पैसे माझ्याकडे, मी दोघांचे टाकले, आणि सीटवर बसतो न बसतो तोच नवऱ्याने फोन काढला, व्हिडिओ लावला आणि शेजारच्या अनोळखी शाळकरी मुलाला म्हणाला, बाळा, तुझे डोळे चांगले असतील, जरा बघून सांग, हा बूट दोरीला लागलाय का.