तात्पुरती तटस्थता

मंगळवार, रात्र

दादा सहज म्हणाला आणि फोन ठेवला. "अण्णा कधी कोणाच्याच बाजूचे नव्हते गं." गॅसचं कार्ड कुणाकडे, वरच्या खोलीची किल्ली कुठे, या बोलण्यात मध्येच. त्याच्या लक्षातही राहिलं नसेल. माझ्या मात्र घशात दुपारपासून काटा अडकावा तसं ते अडकलंय. भाताचा घास गिळूनही खाली जात नाही.

अण्णा गेले, त्यांची ट्रंक मीच आवरते आहे. आईच्या वेळीही मीच आवरली होती. बाकीचे येतील ते सह्यांच्या दिवशी. जाऊ दे.

ट्रंकेच्या तळाशी, पेन्शनच्या कागदांखाली एक खाकी पाकीट निघालं. वर अण्णांच्या अक्षरात 'चीन, किरकोळ'. आत चौदा तिकिटं. अण्णांची सारी नोकरी टपालखात्यातली, पण संग्रह म्हणावा असा काही नव्हता, कुणी दिलं तर ठेवायचे एवढंच. आणि आम्ही सोलापूरची माणसं, चीन म्हटलं की आधी डॉक्टर कोटणीस आठवणार, म्हणून चीनचं वेगळं पाकीट.

त्यांचं भिंग घेऊन बसले. बहुतेक तिकिटांवर चिनी क्रांतीचे पुढारी सन यत सेन यांचा चेहरा. एकावर मूळ किंमत काळ्या पट्टीने झाकलेली आणि वर नवी किंमत छापलेली. छपाई घाईची, जरा तिरकी, एक अक्षर पार कडेच्या दात्यांवर गेलेलं. मुलीने फोनचा कॅमेरा धरला तर 'सोन्याचा युआन' असं आलं.

म्हणून शोधत गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये तिथल्या सरकारने हे नवं चलन काढलं. तीस लाख जुने युआन द्या आणि एक सोन्याचा घ्या. सोनं नावापुरतंच, काही महिन्यांत तेही मातीमोल झालं. नवी तिकिटं छापून येईपर्यंत टपालाचे दर बदललेले असायचे, म्हणून जुन्याच तिकिटांवर नवे आकडे मारायचे. शेवटी १९४९ मध्ये आकडाच काढून टाकला. तिकिटावर फक्त साधं पत्र, रजिस्टर, एक्स्प्रेस, विमानाचं पत्र. त्याचा आजचा भाव काय, ते खिडकीवर विचारायचं.

त्या खिडकीमागच्या माणसाचाच विचार करत बसले. काल सांगितलेला भाव आज नाही, आणि लोक त्याच्यावरच ओरडणार. अण्णा असते तर म्हणाले असते, "दर वाढला म्हणून पत्र थांबत नाही." असं काही म्हणाले की तो विषय संपायचा. कुठलाही विषय.

बुधवार

आज काटा जास्तच टोचतोय, कारण रात्री जे वाचलं त्याने दादाचंच म्हणणं खरं ठरतंय की काय असं वाटलं.

चीनचं सरकारी टपालखातं सुरू झालं ते २० मार्च १८९६ च्या बादशाही हुकमाने. चालवायचं कस्टम्सने, आणि कस्टम्सचा प्रमुख रॉबर्ट हार्ट हा आयरिश माणूस. १९११ मध्ये टपाल कस्टम्सपासून वेगळं झालं आणि पिरी नावाच्या फ्रेंच माणसाकडे आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात वुचांगला उठाव झाला. दक्षिणेतले प्रांत क्रांतिकारकांकडे गेले, पेकिंगमध्ये अजून बादशहा. पत्रं तर दोन्हीकडची. मग काय केलं, तर बादशाही तिकिटांवर चार अक्षरं छापली. त्यांचा अर्थ 'तात्पुरती तटस्थता'.

वाचून मी भिंग खाली ठेवलं.

म्हणजे तिकिटानेच सांगायचं की आम्ही सध्या कोणाचेच नाही, पत्र तेवढं पोचवू. नानकिंगला सन यत सेन यांचं सरकार होतं, त्यांनी साहजिकच हरकत घेतली. मग त्यावर 'चीनचं प्रजासत्ताक' हे शब्दही छापले, आणि वाचणाऱ्याला वाटावं की प्रजासत्ताक स्वतःच तात्पुरतं तटस्थ आहे. तीही तिकिटं मागे घेतली. नुसतं 'चीनचं प्रजासत्ताक' उरलं.

अण्णांच्या पाकिटात ते तिकीट नाही, ते कुठून असणार. पण ती चार अक्षरं मला आमच्या घरात दिसतायत. जेवणाच्या पाटावर, झोपाळ्यावर, ताईशी घराचं बिनसलं त्या वर्षीच्या दिवाळीत. दादा एका टोकाला, ताईचं पान मांडायचं की नाही यावर आई दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये अण्णा वरणात तूप घालून घेतायत. त्यांचं ते गप्प जेवण मला आजही सहन होत नाही. एक शब्द बोलले असते तर! कुणाच्याही बाजूने. अगदी दादाच्या बाजूने बोलले असते तरी चाललं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

यावर फार लिहायला नको.

संध्याकाळी मनातल्या मनात एक कारकून उभा केला. १९११ साली विशीत, परीक्षा देऊन लागलेला. टपालातल्या नोकरीला तिथे 'लोखंडी भाताचा वाडगा' म्हणायचे, पडला तरी फुटायचा नाही. वरचे साहेब परदेशी, म्हणून इंग्रजी यायला हवं. पहिल्यांदा त्याच्या हाताखालून गेले तिकिटांवरचे ड्रॅगन, मग ती चार अक्षरं, मग १९१३ चं शिडाचं जहाज, मग सन यत सेन. शिक्का मारणारा हात एकच. १९३२ मध्ये तो मांचुरियात असता तर? जपानने तिथे वेगळं राज्य उभं केलं तेव्हा चीनच्या टपालखात्याने जुलैमध्ये तिथल्या कचेऱ्या बंद केल्या आणि माणसं बायकामुलांसकट दक्षिणेला आली. तिथली पत्रं बंद. म्हणजे तटस्थतेलाही एक कड होती, तिथून पुढे खातं गेलं नाही. आणि तरीही १९३५ च्या सुरुवातीला पत्रं पुन्हा सुरू झाली. त्या राज्याचं नावच नसलेली खास तिकिटं छापून! नाव मान्य नाही, पण पत्र मान्य. यासाठी कोण किती महिने टेबलाशी बसलं असेल.

मग जपानशी युद्ध. शहरं जपानच्या ताब्यात, आणि टपालातली बरीचशी माणसं आपापल्या टेबलांवर तशीच. जपानच्या ताब्यातला मुलूख आणि ताब्यात न गेलेला मुलूख यांच्यात पत्रं जात येत राहिली. १ सप्टेंबर १९३८ ला कोटणीस आणि बाकीचे चौघे डॉक्टर चीनला जायला मुंबईहून बोटीत बसले, तो हाच काळ. या खिडक्यांवर बसणाऱ्यांना पुढे लोकांनी काय काय म्हटलं असेल. 'यांना काय, राजा कुणी का असेना.' दादा म्हणतो तसंच.

गुरुवार, पहाटे

झोप नाही. चहा केला.

काल शेवटी एका खऱ्या माणसाबद्दल वाचलं, चू श्वेफान. जन्म १९०५, शांघायच्या टपाल कचेरीतला कामगार. तो तटस्थ अजिबात नव्हता. कामगार संघटनेचा पुढारी झाला, शांघायच्या ज्या टोळीवाल्यांशिवाय तेव्हा पान हलत नव्हतं त्यांच्याशीही संबंध ठेवले, राष्ट्रवादी राजवटीत वर चढला, परदेशातल्या कामगार परिषदांना गेला. १९४६ मध्ये त्या राजवटीशी फाटलं तेव्हा हाँगकाँगला निघून गेला. आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये माओच्या सरकारात टपाल आणि तारखात्याचा पहिला मंत्री! १९६७ पर्यंत. १९९६ मध्ये गेला, नव्वद वर्षांचा होऊन.

पहिल्यांदा मला तो आवडला नाही. दोन घरची भाकरी खाल्लेला, असं वाटलं. मग वाटलं, कोणी बाजू घेतली नाही तर मी चिडते आणि घेऊन बदलली तरी चिडते, तर मला माणसाने करायला हवं आहे तरी काय? जो माणूस शांघायच्या कचेरीत टपाल हाताळत होता, त्यालाच सगळ्या देशाचं टपाल सांभाळायला मिळालं. त्याच्यासाठी मधली सगळी वर्षं कदाचित एकाच कामाची असतील. मला त्याला माफ करायचा अधिकार नाही, पण राग उतरला एवढं खरं.

त्याच १९४९ मध्ये तैवान आणि मुख्य भूमी यांच्यातलं टपाल तुटलं. एका बाजूला चूचं खातं, दुसऱ्या बाजूला तैवानला गेलेल्या राष्ट्रवादींचं जुनं, दोघेही स्वतःला खरं चिनी टपाल म्हणणारे. मध्ये सामुद्रधुनी, आणि अलीकडे-पलीकडे आई-मुलं. ज्यांचं कुणी हाँगकाँगला किंवा परदेशात होतं त्यांनी त्यांच्याकरवी चोरून चिठ्ठ्या धाडल्या. १९८८ मध्ये रेड क्रॉसच्या हातून पत्रं जायला लागली. थेट टपाल तर डिसेंबर २००८ मध्ये. किती आया तोवर गेल्या असतील.

इथे आले आणि मला रडू फुटलं. तैवानचं नाही. तांदळाच्या डब्याचं.

अण्णा संध्याकाळी कचेरीतून आले की सायकल भिंतीला लावायचे, हातपाय धुवायचे आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचे. पाणी ओसरीवर असायचं, तरी आत जायचे. ते बाहेर आले की आई तांदळाचा डबा किंचित उचलायची. मला वाटायचं पैसे ठेवतात. एकदा मी उचलला तर आंतरदेशीय पत्र होतं, ताईच्या अक्षरातलं. पत्ता घरचा नव्हता, अण्णांच्या कचेरीचा होता. मी तसंच खाली ठेवलं आणि कुणाला बोलले नाही. आज लिहिते आहे.

आणि आई तिला लिहायची तेव्हा तिच्याकडे नुसता घडी घातलेला कागद असायचा. पाकीट आणायचे अण्णा, तिकीट लावायचे अण्णा, पत्ता अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात, पिनकोड जरा मोकळा मोकळा लिहिलेला. तिकीट कमी पडू नये म्हणून पत्र हातावर तोलून बघायचे. नऊ वर्षं. दादा ओसरीवर असायचा तेव्हासुद्धा.

पण आत एक ओळ नाही. मला आईनेच सांगितलं होतं, "ते काही लिहीत नाहीत, तू लिही म्हणतात." माझा राग तिथे अजून आहे, तो काही गेला नाही. 'खुशाल आहे' एवढं तरी? ज्या माणसाने आयुष्यभर हजारोंची पत्रं पोचवली त्याला आपल्या मुलीला चार शब्द लिहिता येऊ नयेत? दादाचा मान राखला म्हणावं तर पत्रं का पोचवली, आणि पत्रं पोचवली तर... हे कोडं मला सुटणार नाही. त्यांना विचारायला हवं होतं. शेवटच्या आजारपणात रोज शेजारी बसत होते, तेव्हा हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

गुरुवार, रात्र

ताईला फोन केला. चिनी तिकिटांचं सांगितलं, तिला त्यात काही गोडी नाही. दादा काय म्हणाला ते सांगितलं नाही. शेवटी धीर करून विचारलं, आईची पत्रं आहेत का गं तुझ्याकडे?

म्हणाली, "पत्रं नाहीत. तेव्हा घरात ठेवायची सोय नव्हती, वाचून फाडून टाकायची. पाकिटं आहेत."

पाकिटं कशाला ठेवलीस, विचारलं.

"अण्णांचं अक्षर," म्हणाली.

चपलांच्या खोक्यात आहेत म्हणे, वरच्या फळीवर. रविवारी काढून मोजते म्हणाली. मी चिनी पाकीट पुन्हा ट्रंकेत ठेवलं नाही, रविवारी जाताना सोबत नेते. गॅसचं कार्ड दादाकडेच आहे, त्याला उद्या कळवायचं.