तुम्ही विचारलंत म्हणून: सूड घेणाऱ्या बायकांचे रक्तबंबाळ सिनेमे बघून मी हसते कशी?

आवडत्या सिनेमांची नावं कुणी विचारली की माझ्या यादीत हमखास असे दोन-चार सिनेमे निघतात, ज्यांत एखादी बाई छळणाऱ्यांना एकेक करून संपवत जाते. ते कमी पैशांत केलेले असतात, त्यांतलं रक्त बनावट आहे हे दिसतं, आणि ते विनोदी असतात. मग ठरलेला प्रश्न येतो: "बाईवर झालेला अन्याय, त्याचा सूड, खून, आणि तुम्ही ते बघून हसता कशा?"

हसते, कारण हे सिनेमे त्या बाईवर पहिल्या मिनिटापासून विश्वास ठेवतात. हे नीट कळायला आधी त्यांच्या गंभीर बहिणींकडे बघावं लागतं.

1970च्या दशकात सूड घेणाऱ्या स्त्रीच्या सिनेमांचा एक साचा पक्का झाला. पूर्वार्धात तिच्यावर अत्याचार, उत्तरार्धात तिचा बदला. यातला सर्वात बदनाम सिनेमा म्हणजे 1978 सालचा 'आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह'. मेइर झार्की या दिग्दर्शकाने त्याला 'डे ऑफ द वुमन' असं नाव दिलं होतं. आज तो ज्या भडक नावाने ओळखला जातो ते नंतर वितरणाच्या वेळी चिकटलं. नायिकेवरचे अत्याचार त्यात इतका वेळ चालतात की बघणाऱ्याचा जीव नकोसा होतो. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 1980मध्ये त्याला एकही तारा दिला नाही. पडद्यावरच्या प्रसंगांइतकाच त्यांना धक्का बसला तो आजूबाजूला बसून त्या प्रसंगांना दाद देणाऱ्या प्रेक्षकांचा. पुढे काही स्त्रीवादी अभ्यासकांनी हाच सिनेमा गांभीर्याने वाचला आणि त्याची बाजूही मांडली. मला दोन्ही बाजू समजतात. माझी अडचण त्या साच्याशी आहे.

तो पूर्वार्ध म्हणजे पुरावा असतो. पुढे तिने कुऱ्हाड उचलली तर प्रेक्षकाला ते पटावं, म्हणून तिची सगळी विटंबना आधी आपल्यासमोर मांडली जाते. अजून थोडं दाखवा, अजून थोडं, म्हणजे तिचा राग रास्त ठरेल. प्रत्यक्ष आयुष्यात तक्रार घेऊन गेलेल्या बाईकडून नेमकं हेच मागितलं जातं: सगळं पुन्हा सांग, नीट सांग, पहिल्यापासून सांग. सिनेमा तिच्या बाजूचा असला तरी प्रेक्षकाला तो तिची उलटतपासणी घेणाऱ्यांच्या रांगेत बसवतो.

विनोदी भयपटाला ही चैन परवडत नाही. वीस मिनिटं अत्याचार दाखवले की त्यानंतर प्रेक्षागृहात हसू फुटणं शक्य नाही. म्हणून पूर्वार्ध आटोपशीर करावाच लागतो: एखादं वाक्य, एखादी नजर, दारापाशी रेंगाळलेला एखादा हात. ही तांत्रिक गरज आहे, पण तिच्यातून एक नैतिक गोष्ट आपोआप घडते. बाई म्हणते की हा माणूस वाईट आहे, आणि सिनेमा पुरावा न मागता पुढे सरकतो.

'स्त्री' आठवा. अमर कौशिक यांचा 2018 सालचा हा सिनेमा, चंदेरीत घडणारा, त्या वर्षीच्या बड्या हिंदी सिनेमांच्या मानाने छोट्या खर्चाचा. कर्नाटकात 1990च्या दशकात पसरलेल्या 'नाळे बा' या दंतकथेवर तो बेतलेला आहे: रात्री दारावर थाप मारणाऱ्या आत्म्याला 'उद्या ये' असं भिंतीवर लिहून परत पाठवायचं. त्यातल्या भुताची मूळ कहाणी भीषण आहे, पण ती थोडक्यात सांगून सिनेमा मोकळा होतो. आपण हसतो ते नियमांवर. रात्री एकट्याने बाहेर पडू नका, मागून हाक आली तर वळून बघू नका, लवकर घरी या. मुलींना लहानपणापासून तोंडपाठ असलेली ही वाक्यं इथे पुरुषांना ऐकवली जातात. त्यात एका शब्दाचाही बदल करावा लागत नाही, आणि तरी ती हास्यास्पद वाटू लागतात. आणि तीन हाका मारून, माणूस वळला तरच त्याला नेणारं हे भूत त्या गावातल्या कित्येक पुरुषांपेक्षा सभ्य आहे. सिनेमा संपेपर्यंत भिंतीवरचं वाक्यही बदलतं आणि लोक तिच्याकडे रक्षण मागू लागतात. भाषण करून हे पोचवता आलं असतं असं मला वाटत नाही.

आता स्वस्ताईबद्दल. "पण मग चांगल्या खर्चाचे का नाही बघत?" असाही एक जोडप्रश्न असतोच.

पैसा वाढला की सिनेमाला घाबरणारी माणसंही वाढतात. नायिका लोकांना आवडली पाहिजे, तिला पश्चात्ताप झाला पाहिजे, शेवटी तिला शिक्षा तरी व्हावी किंवा तिच्यासाठी एखादा समजूतदार पुरुष तरी असावा, अशा सूचना येऊ लागतात. थोडक्या पैशांत केलेल्या सिनेमाला कुणी इतकं निरखत नाही. त्या दुर्लक्षात एक मोकळीक असते.

ॲलिस लोव यांचा 'प्रिव्हेंज' हे माझं सर्वात लाडकं उदाहरण. या ब्रिटिश अभिनेत्रीने स्वतः गरोदर असताना हा सिनेमा लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. चित्रीकरण अवघ्या 11 दिवसांत उरकलं, आणि 2016मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मोठ्या निर्मितीसंस्थेला होकार-नकार कळवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बाळ जन्माला आलं असतं. सिनेमातली रूथ गरोदर आहे. तिचा जोडीदार गिर्यारोहणात दोर कापला गेल्याने मेलाय, आणि पोटातलं बाळ तिला सांगतंय की त्या मोहिमेवर असलेल्यांना मार. सुईण तिला धीर देताना म्हणते की काय करायचं ते बाळच सांगेल. प्रेक्षागृहात खसखस पिकते, कारण गरोदर बाईशी सगळं जग याच सुरात बोलतं. तिचं शरीर आता तिचं राहिलेलं नाही, ती फक्त एक पिशवी आहे, अशा थाटात. नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर समोरच्या बाईने तिच्या पोटाकडे बघून मनातल्या मनात नकार केव्हाच दिलेला असतो. लोव यांनी ते सारं गोड बोलणं घेतलं आणि त्याच्या टोकाशी सुरी लावली.

पण या सिनेमातला मला सर्वात जवळचा प्रसंग खुनाचा नाही. एका ओंगळ माणसाला त्याच्याच घरात मारल्यावर त्याची विसराळू, म्हातारी आई खोलीत येते. रूथ तिला हाताला धरून नेते आणि झोपवते. रागाने पेटलेली बाई आणि काळजी घेणारी बाई अशा दोन वेगळ्या बायका नसतात, हे इतक्या सहज दाखवणारा प्रसंग मी मोठ्या, गंभीर, पुरस्कारप्राप्त सिनेमांतही क्वचित पाहिलाय.

कमी पैशांचा परिणाम पडद्यावरही दिसतो, आणि तो बऱ्याचदा विनोदाच्या पथ्यावर पडतो. सिनेमातलं रक्त म्हणजे पिढ्यानपिढ्या मक्याच्या पाकात मिसळलेला खाण्याचा रंग. कृष्णधवल काळात चॉकलेटचं सिरप चालायचं. 1960च्या 'सायको'तल्या न्हाणीघरात आणि 1968च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये तेच होतं. हा पाक चिकट असतो, कपड्यांवरून निघत नाही. तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा तर भिंत पुसा, नटाला धुवा, तसाच दुसरा पोशाख आणा. पोशाखाचा दुसरा जोड घ्यायला पैसे नसतील तर टेक एकच. त्या एका टेकमध्ये नटांच्या चेहऱ्यावर जी धांदल येते ती ठरवून आणता येत नाही. जखम दाखवणं महाग असेल तर कॅमेरा चेहऱ्याकडे वळतो आणि बाकीचं काम आवाज करतो. हाड मोडल्याच्या आवाजासाठी सेलरी या कडक देठांच्या भाजीची जुडी मोडणं ही ध्वनिकारांची जुनी युक्ती आहे. विनोद आणि भीती दोन्ही एकाच गोष्टीवर उभ्या असतात: किती वेळ थांबायचं आणि नेमकं कधी दाखवायचं. पैसा नसेल तर थांबावंच लागतं.

सगळेच असे सिनेमे चांगले असतात असं मी अजिबात म्हणत नाही. या प्रकारात कचरा भरपूर आहे. पोस्टरवर तोकड्या कपड्यांतली बाई, हातात यांत्रिक करवत, आणि आत सूड नावापुरता. असा सिनेमा मी एका साध्या गोष्टीवरून ओळखते: बाई पहिल्यांदा हत्यार उचलते तेव्हा कॅमेरा कुठे बघतोय? तिच्या हाताकडे बघत असेल तर पुढे बघायला हरकत नाही. तिच्या मांड्यांकडे बघत असेल तर मी उठते.

काही सिनेमे या दोन्हींच्या मध्ये अडकलेले असतात आणि म्हणून फार बोलके असतात. 1982चा 'द स्लंबर पार्टी मॅसॅकर' घ्या. मूळ पटकथा स्त्रीवादी लेखिका रीटा मे ब्राउन यांची, मुली कापणाऱ्या खुन्यांच्या सिनेमांचं विडंबन म्हणून लिहिलेली. दिग्दर्शन एमी होल्डन जोन्स यांचं. त्यांच्याकडे तेव्हा स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या 'ई.टी.'च्या संकलनाचं काम होतं. ते सोडून त्या या छोट्या सिनेमाकडे आल्या. पण कमी खर्चाच्या, भडक अमेरिकी सिनेमांचे निर्माते रॉजर कॉर्मन यांच्या पठडीतल्या सिनेमाला न्हाणीघरातली नग्नता हवीच असायची, आणि विडंबन बरंचसं गंभीर चेहऱ्यानेच चित्रित झालं. तरी ब्राउन यांची थट्टा आतून डोकावत राहते. खुन्याचं हत्यार म्हणजे एक अवाढव्य ड्रिल, आणि कॅमेरा ते त्याच्या दोन पायांमध्ये धरून दाखवतो. शेवटी एक मुलगी कोयत्याने त्या ड्रिलचं टोकच उडवते. तो माणूस हातातल्या खुरट्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहतो. पुढची कैक वर्षं लिहिले गेलेले सिद्धांत त्या एका दृश्यात मावतात.

मग दुसरा, जरा अवघड प्रश्न: "म्हणजे कायदा हातात घेणं तुम्हाला पटतं?"

नाही. आणि मला वाटतं, हे सिनेमेही ते पटवून देत नाहीत. जे गंभीर चेहऱ्याने, पार्श्वसंगीताच्या गजरात एखाद्या नायकाला गुंडांना गोळ्या घालताना दाखवतात आणि हाच खरा न्याय म्हणून सांगतात, त्या सिनेमांची मला जास्त भीती वाटते. तिथे सूड हा कार्यक्रम म्हणून पुढे ठेवलेला असतो. विनोदी भयपटातली बाई भूत असते, रक्तपिपासू असते, किंवा तिला पोटातून आवाज येत असतात. हिच्यासारखं वागा असं कुणी म्हणूच शकत नाही. शिवाय विनोद तिलाही सोडत नाही. रूथ चुकते. तिचा सूड योग्य माणसांवर चाललाय का, याची शंका सिनेमा स्वतःच उपस्थित करतो, आणि शेवटाकडे ती शंका वाढत जाते.

ॲना लिली अमीरपूर यांच्या 'अ गर्ल वॉक्स होम अलोन ॲट नाइट'मध्ये (2014, फारसी भाषेत, पण कॅलिफोर्नियात चित्रित केलेला) चादोर, म्हणजे इराणी बायकांचं डोक्यापासून पायापर्यंतचं वस्त्र, पांघरलेली एक रक्तपिपासू मुलगी रात्री रस्त्यांवर फिरते. बायकांच्या जिवावर जगणाऱ्या एका दलालाला ती संपवते, ते ठीक. पण नंतर ती एका लहान मुलाला अडवते आणि विचारते, तू चांगला मुलगा आहेस का? तो हो म्हणतो. ती पुन्हा विचारते. मरेपर्यंत तुझ्यावर लक्ष ठेवीन, अशी ताकीद देते, आणि त्याचा स्केटबोर्ड घेऊन त्यावरून घरंगळत निघून जाते. ते बघताना हसू येतं आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो, कारण ते पोर अजून काहीच वावगं वागलेलं नाही. तिची दहशत बरोबर आहे की जास्तीची, हे सिनेमा ठरवत नाही.

कुणी विचारतं, ज्यांच्यावर खरंच असं काही बेतलंय त्यांना हे थट्टा केल्यासारखं वाटत नाही का? काहींना वाटतं, आणि त्यांना हे सिनेमे बघायचा आग्रह कुणी करू नये, मी तर नाहीच. काहींना मात्र नेमका इथेच श्वास घेता येतो. इथे त्यांना पुन्हा त्या प्रसंगातून जावं लागत नाही, आणि ज्याची भीती वाटते तो माणूस दीड तासासाठी का होईना, पळताना दिसतो. दोन्ही प्रकारच्या बायका मला भेटल्या आहेत. कोणाचं बरोबर, हे ठरवणारी मी कोण?

सुरुवात कुठून करावी, हेही विचारता म्हणून सांगते. 'स्त्री' बहुतेकांनी पाहिलेला असतो. तो या दृष्टीने पुन्हा बघा. मग 'प्रिव्हेंज'. 'स्लंबर पार्टी' अगदी शेवटी, आणि मनाची तयारी ठेवून. या मधे कधीतरी मिचेल लिख्टनस्टाइन यांचा 2007चा 'टीथ' बघा. त्यातल्या मुलीच्या योनीत दात आहेत. अशा दातांच्या लोककथा अनेक संस्कृतींत आहेत आणि त्यांत एखादा वीर येऊन ते दात मोडतो. इथे तसा कोणी वीर येत नाही. जबरदस्तीचे प्रसंग यातही आहेत, हे आधी सांगून ठेवते. पण कॅमेरा तिच्या वेदनेवर रेंगाळत नाही आणि पुढची किंकाळी त्याची असते. नायिकेचं काम करणाऱ्या जेस वाइक्स्लर यांना सनडान्स महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं, ते का हे शेवटच्या मिनिटात कळतं: अनोळखी म्हाताऱ्याच्या गाडीत बसलेली ती, त्याने लावून घेतलेली दारं, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती ओसरून हळूहळू उमटणारं हसू.