अठ्ठावीस टक्क्यांवर उभा

आषाढी एकादशीची आदली रात्र. स्वयंपाकघरात साबुदाणा भिजत पडलेला, बाहेर डोंबिवलीचा पाऊस, आणि टेबलावर माझा लॅपटॉप, अपडेटच्या २८ टक्क्यांवर अडकलेला.

चूक माझीच. दहा दिवस स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकट उगवत होती. फर्मवेअर (म्हणजे मशीनला जागं करणारा आतला मूळ प्रोग्राम) अपडेट तयार आहे, आता करायचं की नंतर? लांबच्या नातेवाइकाच्या मुंजीला 'बघतो, जमवतो' म्हणावं तसं मी रोज 'नंतर' म्हणत होतो. त्या रात्री एका गिऱ्हाइकाचं जीएसटी रिटर्न भरून झालं, मोठी जांभई आली आणि त्या जांभईतच बोट 'आता'वर पडलं. पावणेअकरा वाजले होते.

स्क्रीन काळी झाली. कंपनीचं चिन्ह आलं, त्याच्याखाली पट्टी, पट्टीखाली दटावणी: बंद करू नका, चार्जर काढू नका. आणि पंखा असा सुटला की गिरणीत कुणी गव्हाचा डबा ओतलाय. पंख्याला लगाम घालणारा एक छोटा कंट्रोलर असतो, बऱ्याचदा तोही याच वेळी बदलला जातो, म्हणून पंखा मोकाट सुटतो. हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी निवांत होतो. ४, ११, १९, २८. मग २८. पाणी पिऊन आलो, २८. सव्वाअकराला पंखाही गप्प झाला आणि तिथून माझं चित्त ठिकाणावरून गेलं. मशीन ओरडत असतं तोवर ते जिवंत आहे एवढं तरी कळतं.

"अहो, झालं का?" आतून.

"चाललंय."

'चाललंय' म्हणालो खरा. पण चाललंय की अडकलंय हे मला तरी कुठे माहीत होतं? दोन्ही अवस्था बाहेरून सारख्याच दिसतात.

लोकलने तीस वर्षं गेलेल्या माणसाला ही अवस्था नवी नाही. पावसाळ्यात कुर्ला आणि शीवच्या मध्ये गाडी थांबते. पहिली पाच मिनिटं कुणी मान वर करत नाही. दहाव्या मिनिटाला दारातला एक जण वाकून पुढे बघतो आणि 'सिग्नल नाय' असं जाहीर करतो. विसाव्या मिनिटाला डब्यात दोन पक्ष पडतात, उतरणारे आणि बसणारे. उतरणारे पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात, बॅग डोक्यावर घेतात आणि बसणाऱ्यांकडे कीव केल्यासारखं बघतात. मी एकदा उतरलो होतो. पन्नास पावलं गेलो असेन, मागून भोंगा वाजला आणि गाडी माझ्या शेजारून निघून गेली. माझ्या खिडकीपाशी दुसराच कुणी बसला होता. त्याने हातसुद्धा हलवला.

तेव्हापासून मी बसणाऱ्यांच्या पक्षात गेलो. आणि मग २००५ ची २६ जुलै आली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी अनुभवी माणसाच्या तोऱ्यात बसून राहिलो. चार जणांना उतरण्यापासून परावृत्तही केलं. गाडी सकाळपर्यंत हलली नाही. त्या चौघांपैकी एकाने पहाटे बिस्किटाचा पुडा फोडला, तो माझ्यापुढे न आणता उलट्या बाजूला फिरवला. तर नियम असा काही नाही.

साडेअकराला मी पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरच्याच कामात आहे, आणि रात्री जागा असतो.

"मामा, हात लावू नकोस."

"अरे, पण..."

"चार्जर लावलाय ना? खालून हात लावून बघ, गरम आहे?"

लॅपटॉप उचलायची भीती वाटत होती. तापलेल्या मुलाच्या अंगाखाली हात सरकवावा तशी टेबलाच्या कडेने बोटं आत घातली. कोमट होता.

"मग काही तरी चाललंय. तास-दोन तास सोडून दे. त्यानंतरही ढिम्म असेल तर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, पण ते शेवटी. आणि हे बघ, हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये जुनी प्रत बाजूला जपून ठेवलेली असते. झोप तू."

झोप म्हणणाऱ्याला २००१ माहीत नाही. तेव्हा तो बालवाडीत होता.

त्या वर्षी मी ४० जीबीची हार्ड डिस्क आणली होती. नवलाईची वस्तू, शेजारी बघायला आले होते. पण आमच्या मदरबोर्डाच्या बायोसला, म्हणजे तेव्हाच्या फर्मवेअरला, ३३ जीबीच्या पुढचं मोजताच येत नव्हतं. डिस्क जोडली की मशीन तिथेच गोठायचं. उपाय एकच, बायोस नवा घालायचा. फ्लॉपीवर फाइल घेतली, काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप केली, लिहायला सुरुवात झाली आणि वीज गेली. जुलैच होता. वीज वीस मिनिटांत परत आली, मशीन आलं नाही. ना चिन्ह, ना 'बीप'.

फर्मवेअर हा शब्द १९६७ साली अॅशर ऑप्लर यांनी एका संगणकविषयक मासिकातल्या लेखात वापरला. हार्डवेअरइतकं टणक नाही, सॉफ्टवेअरइतकं लवचीक नाही, असं मधलं काहीतरी. बटण दाबल्यावर मशीनला 'तू मशीन आहेस' ही आठवण करून देणारं. ते ज्या फ्लॅश चिपवर असतं, त्या प्रकारची मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात काढली. तिचा मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो. ते पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून हे नाव. खोच त्या पुसण्यातच आहे. या चिपवर जुन्याच्या अंगावर नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा तुकडा कोरा करायचा, मग लिहायचं. डोंबिवलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. जुनी इमारत पाडलेली, नवीन उभी नाही, सामान भाड्याच्या खोलीत, आणि बिल्डर फोन उचलत नाही. २००१ साली माझं मशीन नेमकं त्या अवस्थेत गेलं होतं.

अशा अर्ध्यात मेलेल्या मशीनला दुरुस्तीवाले 'ब्रिक झालं' म्हणतात. म्हणजे वीट. आपल्याकडे क्रम असा, की आधी माणसाला वीट येतो, मग मशीनची वीट होते.

ती वीट चादरीत गुंडाळून, दुपारच्या गाडीने, दादरला पूल चढून मी ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. पाटीवर या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. सुटे भाग घ्यायला जाणारा कुणीही ते नाव घेत नाही. जिन्याखालच्या एका गाळ्यात गिरगावातला एक माणूस बसायचा. त्याने झाकण उघडलं, आत टॉर्च मारली आणि विचारलं, "वीज गेली का, साहेब?" डॉक्टरने 'बाहेरचं खाल्लं का' विचारावं तसं.

मग त्याने जे केलं ते मी आजवर विसरलो नाही. माझ्या मदरबोर्डाचा जुळा भाऊ त्याच्याकडे मांडणीवर होता. तो त्याने चालू केला. चालू असतानाच दातांच्या डॉक्टरकडे असतो तसल्या चिमट्याने त्याची बायोसची चिप अलगद उपटली. बत्तीस पायांची, म्हणजे बत्तीशीच ती. मशीन चालूच राहिलं. एकदा उठून कामाला लागलं की त्याला त्या चिपची गरज उरत नाही, सगळं मेमरीत उतरवून घेतलेलं असतं. मग त्या मोकळ्या खाचेत माझी मेलेली चिप अंगठ्याने दाबून बसवली आणि तिच्यावर नवा बायोस लिहून काढला. दीड मिनिट. एक पाय जरी शेजारच्या पायाला टेकला असता तरी त्याचा चांगला बोर्डही जाऊ शकला असता.

"एवढं सफाईने कसं जमतं?"

"नव्व्याण्णवच्या २६ एप्रिलला हात बसला," तो म्हणाला. त्या दिवशी सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांवर घाला घातला होता. डिस्कवरचा मजकूर तर नासवलाच, काही मशीनचा बायोससुद्धा पुसून टाकला. "आठवडाभर जिन्यापासून फुटपाथपर्यंत कॅबिनेटं. जेवायला उठलो नाही." त्याने माझ्याकडून दोनशे रुपये घेतले आणि चादरीची घडी घालून दिली.

आता ती चिप हरभऱ्याच्या डाळीएवढी असते, आठ पायांची, बोर्डाला डाख देऊन पक्की केलेली. दुरुस्तीवाले तिला वरून क्लिप लावतात. अंगठ्याला काही काम राहिलेलं नाही.

पावणेबाराला दिवे मिणमिणले आणि माझ्या पोटात गोळा आला. वास्तविक घाबरण्याचं कारण नव्हतं. चार्जर नसेल किंवा बॅटरी फार खाली असेल तर हल्लीची अपडेट सुरूच होत नाही. माझी बॅटरी सत्तरच्या वर होती, वीज गेली असती तरी तासभर निभावलं असतं. पण २००१ पोटात राहतं, डोक्यात नाही.

पट्टी २८ वरच. ही पट्टी दाखवली की वाट बघणं लोकांना सुसह्य होतं, हे १९८५ साली ब्रॅड मायर्स या संशोधकाने प्रयोग करून मांडलं. मान्य. पण ती हलत असेल तर! शिवाय ही टक्केवारी कशाची? वेळेची नव्हे. बहुधा पायऱ्यांची, आणि एक पायरी दोन सेकंदांची तर पुढची वीस मिनिटांची. कशाची टक्केवारी हे न सांगता नुसता आकडा लिहिणं आमच्या धंद्यात खपत नाही. ऑडिटर फाइल तोंडावर फेकेल.

तेवढ्यात आई उठून आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, रात्री एकदा साबुदाण्यात बोट घालून बघितल्याशिवाय तिची एकादशी सुरू होत नाही. मला टेबलापाशी पुतळ्यासारखा उभा बघून तिने विचारलं, "काय झालं रे?"

"अठ्ठावीसवर अडकलंय, आई. तासभर झाला."

"अठ्ठावीस?" ती हसलीच. "बरा आकडा शोधलास. पुंडलिकाने वीट फेकली आणि 'थांब जरा' म्हणाला. किती टक्के झाले ते सांगितलं होतं का त्याने?"

"तो देव होता."

"म्हणून तर सारखं विचारलं नाही," असं म्हणून ती साबुदाण्यावर पाण्याचा हबका मारून झोपायला गेली.

मी खुर्ची ओढून बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मध्येच स्क्रीन पार काळी झाली. चिन्ह गेलं, पट्टी गेली, पंखा पुन्हा सुटला, पुन्हा बसला. फर्मवेअर बदललं की मशीन कधी कधी मेमरी नव्याने तपासून, जुळवून घेतं आणि त्या काही मिनिटांत स्क्रीनवर काहीच दिसत नाही, हे भाच्याने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या काळ्या काचेत माझाच चेहरा बघत मी २००१ सारखी चादर कुठे आहे ते आठवत होतो.

आणि निळी स्क्रीन उजळली. रिकव्हरी की द्या. ४८ आकडे.

आतला रखवालदार जागा झाला होता. डिस्कला कुलूप घालणारी वेगळी चिप असते. शेजारचं फर्मवेअर रातोरात बदललेलं दिसलं की हा तोच लॅपटॉप की भलताच, अशी तिला शंका येते. किल्ली सुदैवाने कागदावर छापलेली होती. हिने 'महत्त्वाचे' लिहिलेल्या फाइलमधून, गॅसचं पुस्तक आणि रेशनकार्ड यांच्यामधून, तो कागद अचूक काढला. माझी बोटं थरथरत होती म्हणून टाइप करायला लेक बसली. ती जागीच होती, का ते विचारलं नाही.

"एकोणसाठ, त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी," हिने वाचलं.

"आई, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन?"

"एकोणसाठ म्हणजे साठाला एक ऊन."

"म्हणजे?"

तोवर तिने सहा-नऊ दाबलं होतं आणि सहा आकडे पुरे होताच स्क्रीनने गट चुकल्याचं सांगितलं. या किल्लीचे सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो. त्यामुळे चूक तिथल्या तिथे पकडली जाते. माझ्यातल्या हिशेबनिसाला हे इतकं आवडलं की मी कागदावर भागाकार करून बघायला लागलो. दोघींनी मला गप्प बसवलं. पुढचे सात गट एकेक आकडा सुटा वाचून पुरे झाले.

लॅपटॉप उघडला. रिटर्न होतं तिथेच होतं. एक वाजून गेला होता.

"मग? नवीन काय झालं त्यात?" हिने विचारलं.

मी आवृत्तीचा आकडा शोधून काढला. शेवटचे दोन अंक बदलले होते. खाली बारीक अक्षरात सुरक्षा आणि स्थैर्य यांत सुधारणा असं काहीसं. मी कान देऊन ऐकलं.

"पंखा कमी वाजतोय. नाही का?"

ती क्षणभर थांबली.

"पाऊस थांबलाय," म्हणाली, आणि दिवा मालवला.