ड्युटी लागली

मराठीत कर्तव्य बजावतात, पार पाडतात, क्वचित त्यात कसूरही करतात. ड्युटी मात्र लागते. ठेच लागावी तशी. ज्याला लागली त्याचा त्यात काही हात नव्हता, हे क्रियापदच सांगून टाकतं. आणि घरातलं म्हणाल तर कर्तव्य हा शब्द आपण केव्हाच लग्नाला देऊन बसलो आहोत. ‘यंदा मुलीचं कर्तव्य आहे’ असं कुणी म्हणालं की ऐकणारा पत्रिका आणि उंची विचारतो. बाकीच्या कामांसाठी मग शब्दच उरला नाही, तेव्हा साहेबाची ड्युटी घेतली. घटनेत ४२व्या दुरुस्तीने १९७६ साली दहा मूलभूत कर्तव्यं आली, २००२ मध्ये अकरावं आलं, पण त्यांना ‘मूलभूत ड्युट्या’ कुणी म्हणत नाही. म्हटलं असतं तर लोकांनी निदान रजेचे अर्ज तरी टाकले असते.

ड्युटी लागणं म्हणजे काय ते मास्तरांना विचारावं. शिक्षकांच्या खोलीत ‘लागली का?’ एवढंच विचारतात. काय लागली ते सगळ्यांना ठाऊक असतं. रोजचं शिकवणं ही ड्युटी नव्हे, ती नोकरी. ड्युटी म्हणजे इलेक्शन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं लावायची नाहीत असं बजावलं आणि त्याच वाक्यात तीन अपवादही ठेवले: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. निवडणुकांत पुन्हा लोकसभा, विधानसभा आणि स्थानिक स्वराज्य संस्था, सगळं आलं.

तर आदेश येतो. घरात जुन्या दुखण्यांच्या फायली शोधल्या जातात, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलेलं नसतं. ओळखीच्या ओळखीतून तहसील कचेरीतला कुणी निघतो का याची चाचपणी होते. काहीच जमत नाही. मग आदल्या दिवशी यंत्रं, शाई, लाख, पाकिटं आणि न संपणारे फॉर्म मोजून ताब्यात घ्यायचे, ठरवून दिलेल्या गाडीने जायचं आणि अनेकदा परक्या गावातल्या परक्या शाळेच्या वर्गात पाठ टेकायची. पहाटे उठून मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी. मग दिवसभर एकाने यादीत नाव शोधायचं, दुसऱ्याने बोटाला शाई लावायची, तिसऱ्याने यंत्राचं बटण सांभाळायचं. रात्री साहित्य परत करायच्या रांगेत उभं राहायचं, आणि तिथे एखादं पाकीट सीलबंद नाही म्हणून परत पाठवलं जायचं. गंमत अशी की नाव रद्द व्हावं म्हणून आठवडाभर वणवण करणारा हाच गृहस्थ मतदानाच्या दिवशी जेवायलाही यंत्रापासून हलत नाही. लागलेली ड्युटी आणि केलेली ड्युटी यांत कुठेतरी काहीतरी बदलतं, पण ते कबूल करायला कोणीही मास्तर तयार नसतो.

पोलिसांच्या घरी ड्युटी सणावाराच्या उलट दिशेने चालते. लोकांचे गणपती, यांचा बंदोबस्त. लोकांची वारी, यांचा बंदोबस्त. मुंबईत पोलिसांची ड्युटी वर्षानुवर्षं बारा तासांची असायची, आणि बारा हा आकडा फक्त कागदावरचा. दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. तिथल्याच एका कर्मचाऱ्याने बसून त्याचं वेळापत्रक मांडलं होतं. हे मला फार आवडतं. ड्युटी लावणाऱ्यांना जे गणित सुटत नव्हतं ते ड्युटी लागणाऱ्याने सोडवलं.

टुरिस्ट गाड्यांच्या ड्रायव्हरांनी तर शब्द पार फिरवूनच टाकलाय. त्यांच्यात ड्युटी म्हणजे भाडं. ‘उद्या शिर्डीची ड्युटी आहे’, ‘सकाळपासून एक ड्युटी नाही बघा’. बाकीचे ड्युटी चुकवायला धडपडतात, हा माणूस ती मिळावी म्हणून गाडी पुसत बसलेला. शिवाय त्याच्याकडे ड्युटी स्लिप असते: निघतानाचं किलोमीटर, परततानाचं किलोमीटर, वेळ आणि खाली गिऱ्हाइकाची सही. सही झाली, ड्युटी संपली. इतकी स्वच्छ सोय मी दुसऱ्या कुठल्या खात्यात पाहिलेली नाही.

सरकार पैशांचीही ड्युटी लावतं. स्टॅम्प ड्युटीची महाराष्ट्रात कोविडच्या वर्षी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२०, तीन टक्के सूट होती. मुंबईत पाचाचे दोन टक्के झाले आणि मास्क लावून नोंदणीच्या रांगा लागल्या. ड्युटी-फ्री दुकानाची कल्पना आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर १९४७ साली निघाली म्हणतात. आपल्याकडे त्याचा अर्थ परदेशातून येणाऱ्या भाच्याने आणायची बाटली, एवढाच.

ज्यांचा हा शब्द, त्यांच्यात तो फार मानाचा. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईआधी नेल्सनने आरमाराला निशाणांवरून निरोप दिला, की प्रत्येकाने आपली ड्युटी करावी अशी इंग्लंडची अपेक्षा आहे. निशाणांच्या सांकेतिक पुस्तकात ‘इंग्लंड’ होतं, ‘अपेक्षा’ होती, ‘ड्युटी’च नव्हती. तो शब्द बिचाऱ्यांना एकेक अक्षर करून फडकवावा लागला. आपल्या एसटी डेपोत असं पुस्तक केलं असतं तर पहिल्या पानावर डबल ड्युटी आणि मुक्कामाची ड्युटी आली असती, अपेक्षा नंतर कधीतरी.

आमच्या सोसायटीत सकाळी सातला गेटपाशी निवृत्तांचा जथा उभा असतो, प्रत्येकाच्या हातात एक नातवंड आणि एक पाण्याची बाटली. त्यात सरकारी नोकरीत जन्मभर दुसऱ्यांच्या ड्युट्या लावलेले एक काका आहेत. परवा त्यांनी सुनेला सुचवून पाहिलं, की बसवर सोडायची ड्युटी जरा बदलून मिळेल का, गुडघा धरतोय.

“हो बाबा, मग संध्याकाळची घ्या,” ती म्हणाली. “क्लासला सोडायचं आणि आणायचं. सकाळचं मी आईंना लावते.”