डिसेंबरची म्हणून आलेली पऱ्हाटी : स्थाननिश्चितीची पुढची नोंद

मागील नोंदीतील छायाचित्र खरोखर कुठले आणि केव्हाचे, हे शोधण्याचे काम बरेच पुढे सरकले आहे. "यवतमाळ जिल्हा, डिसेंबर" अशा ओळीसह फिरणाऱ्या या चित्रात बोंडे फुटलेली पऱ्हाटी (कपाशी), मधूनमधून तुरीची तासे, कडेने पांदण, पांदणीवर विजेचा खांब आणि मागे उच्चदाब वाहिनीचे मनोरे दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आल्यामुळे चित्रातील एक्झिफ माहिती (फाइलमध्येच दडलेली तारीख, वेळ, जागा यांची नोंद) वाटेतच गळाली होती. डोंगराची कड जुळवून जागा ओळखण्याची रीत सह्याद्रीत कितीही उपयोगी पडली, तरी विदर्भातल्या आपल्या सपाट काळ्या रानात ती चालत नाही. म्हणून सावलीपासून सुरुवात केली.

खांबाची सावली चित्रात आडवी पडली आहे आणि जमीन सपाट आहे, ही मोठीच सोय. सावली कॅमेऱ्याच्या दिशेने आली असती, तर तिच्या लांबीवर मी विश्वास ठेवला नसता. मोजल्यावर ती खांबाच्या उंचीच्या साधारण पाऊणपट भरली, म्हणजे सूर्य क्षितिजापासून सुमारे 53 अंशांवर होता. आपल्या भागाचा अक्षांश साडेवीस अंशांच्या आसपास धरला, तर 22 डिसेंबरला भर माध्यान्हीही सूर्य 46 अंशांच्या वर फारसा जात नाही आणि सावली जवळजवळ खांबाएवढीच राहते. तेव्हा डिसेंबरचा दावा तिथेच निकालात निघाला. एवढी आखूड सावली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यानंतरच पडू शकते. या दोहोंतून निवड तुरीने करून दिली : तूर पिवळ्या फुलोऱ्यात आहे, आणि फेब्रुवारीत ती शेतात उभी नसते, खळ्यावरून घरी गेलेली असते.

नोव्हेंबरच्या आरंभी एवढी सावली माध्यान्हीच्या आसपासच मिळते, आणि तेव्हा ती उत्तरेकडे पडते. (त्या दिवसांत आपल्याकडे खरी माध्यान्ह घड्याळाच्या बाराच्या आसपास येते, फेब्रुवारीत तीच साडेबाराच्या सुमारास सरकते, हे गणित करताना विसरू नये.) सावली पांदणीला काटकोनात आहे, म्हणजे पांदण पूर्व-पश्चिम जाते.

पुढचा शोध उपग्रहचित्रांवर झाला. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात, पण त्यांतील एक ठिपका 10 मीटरचा असल्यामुळे खांब दिसण्याचा प्रश्नच नाही. चित्राच्या कोपऱ्यात चमकणारे अस्तर घातलेले शेततळे मात्र त्यांत ठळक उमटते. वाहिनीच्या मार्गालगतची अशी तळी वेगळी काढून गूगल अर्थवरील जुन्या तारखांच्या चित्रांशी ताडली. तिथे मनोऱ्यापेक्षा त्याची जमिनीवरची सावली आधी डोळ्यांत भरते. जुळणारी जागा यवतमाळात नव्हे, वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात सापडली. 1802 मध्ये सुरू केलेली, कोन मोजत देशाचा नकाशा बांधणारी त्रिकोणमितीय मोजणी पुढे नेत असताना ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टन 1823 मध्ये ज्या हिंगणघाटला वारले, ते याच जिल्ह्यातले. कोन मोजणाऱ्यांना हा मुलूख नवा नाही.

प्रत्यक्ष जाऊन पाहिले. धुऱ्यावरचा दुफाट्याचा कडुनिंब आणि त्याच्या डाव्या फांदीमागून डोकावणारा मनोरा चित्राशी तंतोतंत जुळला. अक्षांश-रेखांशांचे अंश चार दशांशांपर्यंत नोंदवले की साधारण 11 मीटरपर्यंतचा नेमकेपणा मिळतो. कॅमेऱ्याची जागा माझ्याकडे तशीच लिहिलेली आहे. शेत खाजगी असल्यामुळे इथे तालुक्यापलीकडे तपशील देत नाही. वर्ष ठरवणे अजून बाकी आहे. त्यासाठी शेततळ्याला अस्तर कधी आले, हे निरभ्र हिवाळी चित्रांतून मागे मागे जात तपासतो आहे.