कुत्रं अजून आलेलं नाही

दर रविवारी बेळगावजवळ येळ्ळूरला घरी फोन लावला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "आलं काय गं कुत्रं?" नाही आलं, 14 महिने झाले. मग ती म्हणते, "आपल्या गल्लीत ढिगानं हायत की, एक बसवून देऊ काय विमानात?" आणि मागनं बाबांचं हसणं ऐकू येतं.

फोनवर धड सांगता येत नाही म्हणून इथं लिहितेय. मला पीटीएसडी आहे, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनाला जडणारा आजार. दोन हिवाळ्यांमागं इथं ओहायोत हायवेवर बर्फावरनं गाडी घसरून मोठा अपघात झाला, त्यातलं जास्त काही लिहिणार नाही. हाडं जुळली. पण रात्री ओरडत उठणं, कुठं करकचून ब्रेक लागला की हातपाय गार पडणं, दुकानात रांगेत मागं कोण येऊन उभं राहिलं की सामान तिथंच टाकून बाहेर पळणं, हे काही जाईना. आईनं व्हिडिओ कॉलवर मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट पण काढली. थेरपी चालूच आहे आणि तिथल्या बाईंनीच सर्व्हिस डॉगचं सुचवलं.

हे हौसेचं कुत्रं नव्हे बघा. लॅब्रेडॉर नाहीतर गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू आधी कुणाच्यातरी घरी वर्षभर वाढतं, मग खरं ट्रेनिंग, सगळं मिळून दोनेक वर्षं जातात. झोपेत माणूस तडफडायला लागला की पांघरूण ओढून उठवायचं, घाबरल्यावर अंगावर आडवं पडून वजन द्यायचं, रांगेत आपल्या मागं उभं राहून जागा धरायची, अशी एकेक कामं शिकवतात. इथल्या 1990 च्या कायद्यानं ते हॉटेलात, दुकानात कुठंही येऊ शकतं, आणि दुकानदाराला विचारता येतात फक्त दोन गोष्टी, अपंगत्वासाठी लागणारं सर्व्हिस डॉग आहे काय आणि कुठलं काम शिकलंय. कागद मागायचा नाही, तुम्हाला काय झालंय ते पण विचारायचं नाही. (आमच्या इथल्या देसी किराणावाल्याला हे कसं पटवायचं तो वेगळाच विषय.) माजी सैनिकांसाठी 2021 मध्ये वेगळा कायदा झाला, बऱ्याच संस्था त्यांनाच आधी कुत्रं देतात आणि ते बरोबरच आहे, पण आमच्यासारख्यांची लाईन हलत नाही.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, कुत्र्यानं तुमच्यासाठी नेमकं काय करावं? तीन दिवस ती जागा कोरीच होती. शेवटी लिहिलं, मी ओरडले तर मला उठवावं, आणि मी कुठं आहे ते कळेपर्यंत जाऊ नये. मराठीत हे अजून कुणाला बोलले नव्हते.

लिहिताना आमच्या गल्लीतले सुभेदार आजोबा आठवले. बेळगावच्या मराठा सेंटरचे, म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचे, 71 च्या लढाईत होते. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळ झाली की घोंगडं आणि त्यांचा काळा कुत्रा घेऊन शेतातल्या खोपीत जायचे ते सकाळीच परत यायचे. गल्लीत म्हणायचे, एवढा मोठा फौजी आणि फटाक्याला भितोय. आम्ही पोरं तर ते निघायच्या आधी मुद्दाम त्यांच्या दारात लवंगी माळ लावायचो. मी पण.

तर बातमी अशी की जूनमध्ये मला एक कुत्रा मॅच झाला होता, पिवळा लॅब, दोन वर्षांचा, फोटो पण आला. आईनं फोटो बघून त्याचं नाव राजा ठेवून टाकलं, खरं तर त्याला नाव आधीच असतं आणि ते आपण बदलायचं नसतं. मग 4 जुलै आला, इथली फटाक्यांची रात्र. तो पलंगाखाली शिरला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेरच येईना. आवाजाला घाबरणारा कुत्रा या कामाला चालत नाही, त्यामुळं बाद. त्याला ज्यांनी लहानाचं मोठं केलं त्यांनीच ठेवून घेतला आणि मी परत लाईनीत.

आईला सांगितलं तर थोडा वेळ गप्पच. मग म्हणाली, "बरं झालं बाई, घरी गेला बिचारा."