एक शिलिंग दीड पेनी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या औषधांच्या जाहिराती वाचणं हा माझा रात्रीचा विरंगुळा आहे. रहस्यकथेत खुनी सापडेपर्यंत जागावं लागतं. इथे चार ओळींत माणूस मरणाच्या दारात जातो, डबी मागवतो आणि पाचव्या ओळीत कामावर हजर होतो. गोळी कुठलीही असो, मलम कुठलंही असो, लहान डबीची किंमत बहुतेक ठिकाणी एकच: १ शिलिंग दीड पेनी (शिलिंग म्हणजे बारा पेनी). बाटाच्या चपलेच्या पंच्याण्णव पैशांसारखी ही गिऱ्हाइकाला भुलवायची युक्ती वाटते. पण यातली दीड पेनी दुकानदाराची नव्हतीच, सरकारची होती.

अशा औषधांवर इंग्लंडमध्ये १७८३ साली कर बसला आणि तो थेट १९४१ पर्यंत चालला. शिलिंगापर्यंतच्या डबीवर दीड पेनीचं छापील तिकीट चिकटवायचं, तेही असं की डबी उघडताना ते फाटलंच पाहिजे. सरकारचा हेतू तिजोरी भरण्याचा होता, आत काय भरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. लोकांचा समज मात्र भलताच झाला. सरकारी छाप आहे, म्हणजे औषध सरकारनं पारखलेलं असणार! विकणाऱ्यांना हा समज सोयीचाच होता. ते जाहिरातीत बजावत, सरकारी तिकीट बघून घ्या, नाहीतर माल नकली समजा. ‘पेटंट’ म्हणून ही औषधं ओळखली जात, पण बहुतेकांचं पेटंट कुणी घेतलेलंच नव्हतं. पेटंट घ्यायचं तर कृती सांगावी लागते, आणि कृती सांगितली की धंदा बसला.

कृती खरं तर दोनच होत्या. एक पळवणारी आणि एक झोपवणारी. बाकी सगळा कागदाचा आणि शाईचा खेळ.

पळवणाऱ्यांतला पहिला मोठा माणूस म्हणजे जेम्स मॉरिसन. सगळे रोग रक्त बिघडल्यानं होतात आणि रक्त साफ करायला आपल्या वनस्पतींच्या गोळ्या पुरेशा आहेत, असं त्याचं म्हणणं. या गोळ्यांच्या कारभाराला त्यानं लंडनमध्ये नाव दिलं ‘ब्रिटिश कॉलेज ऑफ हेल्थ’. गोळ्या क्रमांक एक आणि क्रमांक दोन अशा दोन जातींच्या. गुण आला नाही तर? आणखी घ्या. एवढं साधं वैद्यकशास्त्र पुन्हा झालं नसेल. १८३६ साली या गोळ्या ढिगानं खाऊन एक कॅप्टन दगावला, तेव्हा त्या विकणाऱ्यावर खटला होऊन तो सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. गोळ्यांचा खप त्यानं थांबला नाही. मॉरिसन गेल्यावर भक्तांनी वर्गणी काढून त्याच्या स्मरणार्थ सिंहाचा पुतळा उभारला. रेचकाच्या गोळीचं स्मारक म्हणून सिंह कुणाला सुचला असेल, त्याला माझा दंडवत.

माझा लाडका मात्र टॉमस बीचम. हा ऑक्सफर्डशायरचा मेंढपाळ. पुढे लँकेशायरमध्ये बाजारात गोळ्या विकायला लागला आणि १८५९ पासून सेंट हेलन्समध्ये त्याचं बस्तान बसलं. ‘एका डबीची किंमत खरी एक गिनी’ हे त्याचं घोषवाक्य. गिनी म्हणजे २१ शिलिंग, त्यामुळे सव्वा शिलिंगालाही न पोचणारी डबी घेताना गिऱ्हाइकाला आपणच बीचमला लुटतोय असं वाटत असणार. कशाकशावर चालायची ही गोळी? पोटात वारा धरणं, पित्ताची डोकेदुखी, चक्कर, जेवल्यावर पोट फुगणं, अंगात कणकण, धाप, बद्धकोष्ठ, अंगावरचे चट्टे, झोपमोड. आणि भयंकर स्वप्नं! ही शेवटची नोंद वाचली की मी थांबतो. सासऱ्यानं व्याजाचा हिशेब मागितल्याचं स्वप्न पडलं, तर घ्या दोन गोळ्या आणि व्हा मोकळे.

पुढे १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून एक पुस्तकच छापलं. बीचमच्या गोळीत निघालं काय, तर काळा बोळ, सुंठ आणि साबण. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा आटवून वाळवलेला रस, पोट साफ करणारा. हे तर आमच्या आजीच्या बटव्यातलंच सामान, साबण तेवढा तिच्याकडे न्हाणीघरात असायचा. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत त्या पुस्तकानं काढली अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. मी कागदावर हिशेब करून पाहिला. डबीवरचं दीड पेनीचं तिकीट आतल्या औषधापेक्षा बारा पट महाग!

तरी या गोळ्या घेणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्या काळचा शिकलेला डॉक्टर तरी काय करत होता? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो जळवा लावायचा, शीर उघडून रक्त काढायचा, आणि पाऱ्याचं कॅलोमेल चारून दात हलायला लागले की औषध लागू पडतंय म्हणायचा. शिवाय त्याची फी. पाव, बटाटे आणि कडक चहा यांवर जगणाऱ्या गिरणी कामगाराचं पोट तुंबणार नाही तर काय होणार? त्याला सुंठ आणि काळ्या बोळानं बरं वाटतच असणार. ज्यांच्या घरी रविवारी सकाळी एरंडेलाची वाटी घेऊन आई मागे लागायची, त्यांना तरी बीचमला हसायचा अधिकार नाही. पोट साफ तर सगळं साफ, हे तत्त्वज्ञान आमच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या बिनजाहिरातीचं चालत आलं आहे.

झोपवणाऱ्या औषधांबद्दल मात्र माझ्या मनात अशी माया नाही. ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ म्हणजे काकवीत मिसळलेली अफू. गिरण्यांच्या गावांत आया कामावर जायच्या, तान्ही मुलं शेजारच्या म्हातारीकडे राहायची, आणि पाच-सहा पोरांना एकटीनं गप्प ठेवायचा हाच उपाय होता. बाटली न हलवता ठेवली की अफू तळाशी बसे, त्यामुळे शेवटचे चमचे सगळ्यांत जहाल. अमेरिकेतून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ आलं, त्यात मॉर्फीन. त्याच्या जाहिरातींतली बाळं काय गुटगुटीत, आयांचे चेहरे काय तृप्त! १८६८ च्या फार्मसी कायद्यानं अफूच्या विक्रीवर थोडा लगाम घातला, पण पेटंट औषधांना त्यातून सूट दिली. म्हणजे नुसती अफू विकणाऱ्यावर डोळा, आणि गोड करून बाटलीत भरली की मोकळं रान. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकाही तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन पाळीवर जात. त्यांना दोष देताना माझी जीभ रेटत नाही, लँकेशायरच्या आयांनाही देणार नाही. बाटलीवर गुबगुबीत बाळ छापणाऱ्याला मात्र आत काय भरलंय ते पुरेपूर माहीत होतं.

आपल्या देशाचा या बाजाराशी जुना संबंध आहे. ‘क्लोरोडाइन’ काढणारा जॉन कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानातल्या फौजेचा डॉक्टर, आणि औषध काढलं ते पटकीवर. आत अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. पटकी त्यानं बरी होत नसेल, पण जुलाब थांबत आणि रोग्याला कशाचंच काही वाटेनासं होई. खप इतका की नकला निघाल्या. प्रकरण कोर्टात गेलं, आणि १८६४ साली न्यायाधीशांनी म्हटलं की क्लोरोडाइनचा जनक निःसंशय ब्राउनच, प्रतिपक्षाची हकीकत खोटी. झालं! पुढे अनेक वर्षं जाहिरातींत रोग्याच्या पत्रांच्या वर हा निकाल छापला जायचा, न्यायाधीशाच्या नावानिशी आणि वर्तमानपत्राच्या तारखेसह. औषधाच्या गुणाबद्दल न्यायाधीश अवाक्षर बोलले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

या गोतावळ्यातला एकजण तर आजही आपल्या स्वयंपाकघरात राहतो. न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉसली इनो या औषधविक्याचं फ्रूट सॉल्ट बंदरावरच्या खलाशांत प्रसिद्ध झालं. त्याच्या जुन्या जाहिराती वाचल्या तर ही पूड रोज घेतल्यावाचून जगणं म्हणजे जिवाशी खेळ, असाच सूर. आत खायचा सोडा आणि लिंबाच्या जातीचं आम्ल, म्हणून ते फसफसतं आणि ढेकर येते. आमच्याकडे त्याचं खरं काम पाहुणे अचानक आले की सुरू होतं. पीठ आंबवायला वेळ नाही, तेव्हा घाल एक पुडी ढोकळ्यात. खलाशांचा जीव वाचवायला निघालेलं औषध ढोकळा फुगवू लागलं, याला मी बढती म्हणतो.

सगळ्यांचा मेरुमणी टॉमस हॉलोवे. १८३७ मध्ये त्यानं मलमाची पहिली जाहिरात दिली, मग गोळ्या काढल्या. जाहिरातींच्या पैशापायी सुरुवातीला कर्जदारांच्या तुरुंगाची हवा खाऊन आला, तरी शहाणा झाला नाही, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं. १८४२ पर्यंत तो जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड उधळत होता. अल्डबरोच्या उमरावानं इटलीहून पाठवलेलं, यकृत बरं झाल्याचं प्रशस्तिपत्र तर इतकं छापलं गेलं की ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकालाही थट्टेला विषय मिळाला. पैसा एवढा साठला की खर्चायचा कुठे हा प्रश्न पडला. मग त्यानं लंडनजवळच्या एगममध्ये मुलींसाठी कॉलेज बांधलं, फ्रान्सच्या शांबोर राजवाड्याच्या धर्तीवर, आणि त्यासाठी भारी किमतीची चित्रं विकत घेतली. १८८६ मध्ये खुद्द राणीनं त्याचं उद्घाटन केलं. ते बघायला हॉलोवे उरला नव्हता. आजही तिथे मुली शिकतात, आता मुलगेही. त्या इमारतीचा फोटो पाहिला की मला तिच्या मनोऱ्यांपेक्षा तिच्यामागच्या लाखो साफ झालेल्या पोटांची आठवण येते. एवढ्या सत्कारणी लागलेला जुलाब दुसरा दाखवा.

मघाचं १९०९ चं पुस्तक लोकांनी आवडीनं विकत घेतलं, पण त्याची जाहिरात छापायला कित्येक वर्तमानपत्रांनी नकार दिला. साहजिक आहे, गोळ्यांच्या जाहिरातींवरच त्यांचं पोट भरत होतं. पुढे पार्लमेंटनं समिती नेमली. तिनं दोन वर्षं साक्षी घेतल्या, मालकांना खोदून खोदून विचारलं, जाडजूड अहवाल लिहिला आणि तो सादर झाला ४ ऑगस्ट १९१४ रोजी. नेमक्या त्याच दिवशी ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. डबीत काय आहे ते डबीवर छापा, एवढी सक्ती कायद्यात यायला १९४१ साल उजाडावं लागलं. तेव्हाही युद्धच चालू होतं.